‘एकदा’ आणि ‘रोज’ : आत्मकथनांतील आघात आणि स्मृती यांचा अभ्यास कसा करावा

मराठी आणि इंग्रजी विभागांत पीएच.डी.साठी येणाऱ्या प्रस्तावांत ‘आघात, स्मृती आणि सांस्कृतिक ओळख’ हे त्रिकूट अलीकडे वरचेवर दिसते, आणि अभ्यासासाठी निवडलेली पुस्तके पुष्कळदा मराठी दलित आत्मकथने असतात. ही निवड योग्यच आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. पहिले प्रकरण फ्रॉइडपासून निघून चाळीस-पन्नास पाने सिद्धांत सांगत राहते, दुसऱ्या प्रकरणापासून त्या सिद्धांताच्या एकेका संज्ञेखाली आत्मकथनांतील उतारे आणून बसवले जातात, आणि प्रबंध पूर्ण होतो तेव्हा त्यातून दया पवार यांचे ‘बलुतं’ काढून जगातले दुसरे कोणतेही दुःखाचे पुस्तक तेथे ठेवले, तरी निष्कर्षाचे एक वाक्यही हलणार नाही, अशी अवस्था झालेली असते. माझ्या स्वतःच्या पहिल्या मसुद्याची गत हीच होती. मार्गदर्शकांनी तो परत करताना समासात दोनच शब्द लिहिले होते: ‘पुस्तक कुठे?’ पुढे जे सांगितले आहे ते त्या शेऱ्यानंतर शिकलेले आहे, आणि ते नव्याने या विषयाकडे वळणाऱ्या अभ्यासकांसाठी आहे.

आधी शब्द

‘ट्रॉमा’ हा शब्द बहुतेक मराठी वाचकांना प्रथम भेटतो तो महामार्गालगतच्या ‘ट्रॉमा केअर सेंटर’च्या पाटीवर, म्हणजे अपघात, टाके आणि पलस्तर यांच्या संगतीत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जखम असाच आहे. ‘आघात’ हा प्रतिशब्द आता रुळला आहे आणि तो वापरण्यास हरकत नाही, मात्र त्यात एका वेळी बसलेल्या एका तडाख्याची कल्पना आहे, हे पहिल्याच पानापासून लक्षात ठेवावे. याच परिसरात मराठीने आणखी काही शब्द जपून ठेवले आहेत. घाव घालणारा कोणीतरी असतो. वळ उठतो, दिसतो आणि काही दिवसांनी जातो. व्रण ही भरून आलेल्या जखमेची खूण असते. सल मात्र बाहेरून दिसत नाही. तो आत रुतलेला असतो आणि माणसाने हालचाल केली की तेवढ्यापुरता जाणवतो. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, आणि आपण ज्या पुस्तकाचा अभ्यास करतो त्याला यांतला कोणता शब्द लागू पडतो, हे ठरवणे हेच निम्मे संशोधन आहे.

यासाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ ही दोन्ही साधने टेबलावर असावीत. त्यांतील अर्थ कधी अपुरे, कधी वरच्या जातींच्या नजरेतून दिलेले असतात, पण तीदेखील एक नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे शीर्षकच पाहावे. तोळ्याचे मासे बारा. अकरा माशांचा ऐवज म्हणजे एका माशाने उणा, आणि त्यावरून विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या माणसाला ‘अक्करमाशी’ म्हणायचे. सोनाराच्या तराजूतले माप माणसाच्या जन्माला लावले गेले आहे. येथे आघात कोणत्या दिवशी झाला, असा प्रश्न विचारून पाहावा. त्याला उत्तर नाही, कारण मूल जन्मण्याच्या आधीच त्याच्यासाठी शब्द तयार होता. आघाताचा अभ्यास घटनेपासूनच सुरू करावा लागतो, हा समज सोडण्यासाठी असे एक शीर्षक पुरेसे आहे.

सिद्धांत किती घ्यावा

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर तणाव-विकाराचा समावेश केला. त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांचा मोठा वाटा होता. साहित्याभ्यासात हा विषय १९९० नंतरच्या दशकात स्थिरावला. कॅथी कारूथ यांनी १९९६ साली मांडलेल्या विचारानुसार आघात घडत असताना तो पुरता अनुभवलाच जात नाही. तो नंतर, स्वप्नांतून आणि पुनरावृत्तींतून, माणसाकडे परत येत राहतो. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांच्या साक्षी वाचताना आणि ऐकताना या परंपरेची दृष्टी तयार झाली, आणि तेथे ती मोलाची आहे. पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे: आयुष्य आधी सुरळीत चाललेले असते, मग ते मोडते आणि मग मोडलेले आयुष्य सुरू होते. गावकुसाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला हा ‘आधी’ आलेलाच नसतो.

या त्रुटीची जाणीव पाश्चात्त्य अभ्यासकांनाही झाली आहे. मारिया रूट यांनी रोजच्या तुच्छतेतून हळूहळू साचत जाणाऱ्या आघाताची कल्पना मांडली, तर स्टेफ क्रॅप्स यांनी २०१३ साली आघात-सिद्धांताच्या युरोपकेंद्री स्वरूपावर सविस्तर टीका केली. त्यांच्या कितीतरी आधी, १९५२ साली, फ्रांत्झ फॅनन या मार्टिनिकच्या मनोविकारतज्ज्ञाने वर्णद्वेष ही रोज अंगावर घालावी लागणारी कातडी कशी होते, हे दाखवले होते. स्मृतीच्या बाजूने पाहिले, तर मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ साली मांडलेला विचार अजूनही टिकून आहे: माणूस एकटा आठवत नाही; कुटुंब, वस्ती, धर्म आणि वर्ग यांच्या चौकटींच्या आधाराने तो आठवतो. आपल्याकडे गोपाळ गुरू यांनी अवमानाविषयी आणि अनुभव व सिद्धांत यांच्या नात्याविषयी जे लिहिले आहे, ते तर याच मातीतल्या प्रश्नांतून आलेले आहे; अनुभव एकाचा आणि त्यावर सिद्धांत रचण्याचा अधिकार दुसऱ्याचा, ही वाटणी त्यांनी नैतिक प्रश्न म्हणून उभी केली. सहा-सात नावे प्रस्तावात दाटीवाटीने बसवण्यापेक्षा दोन विचारवंत नीट वाचावेत. माझा कल हाल्बवाक्स आणि गुरू यांच्याकडे आहे, कारण एक आठवणीची चौकट दाखवतो आणि दुसरा ती चौकट कोणी उभी केली, हे विचारायला लावतो. ज्यांचा विषय पुढच्या पिढीचा आहे, त्यांनी मरिआन हिर्श यांची उत्तरस्मृतीची, म्हणजे आधीच्या पिढीचा आघात पुढच्या पिढीला स्वतःच्या आठवणीसारखा वाटू लागण्याची, कल्पना अवश्य पाहावी. वडिलांनी लिहून ठेवलेल्या आठवणींवर आधारलेल्या नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) यासारख्या पुस्तकाला ती उपयोगी पडते.

क्रियापदांवर बोट ठेवून वाचन

पहिले वाचन सलग करावे, त्या वेळी हातात पेन्सिल नसावी. दुसऱ्या वाचनाला एक जाड वही घ्यावी. डाव्या पानावर उताऱ्याचा पृष्ठक्रमांक आणि चार-सहा शब्दांची खूण असावी, आणि उजव्या पानावर तीन काळ नोंदवावेत: गोष्ट घडल्याचा काळ, ती लिहिली गेल्याचा काळ आणि ती छापली गेल्याचा काळ. हे कंटाळवाणे काम आहे, पण टाळू नये. दया पवार यांचा जन्म १९३५ चा, ‘बलुतं’मधील बालपण म्हणजे साधारण चाळीसच्या दशकातील गाव आणि मुंबईतली कावाखाना ही वस्ती, पुस्तक मात्र ‘ग्रंथाली’ने १९७८ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी २७ जुलै रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. म्हणजे या पुस्तकाच्या पहिल्या वाचकांच्या हाती जुन्या काळची आठवण पडली, तेव्हा दारात जळालेल्या घरांच्या बातम्या होत्या. आठवण जुनी असली, तरी तिचा अर्थ वाचणाऱ्याच्या काळात ठरत असतो. तिसरा रकाना त्यासाठी ठेवायचा.

आता मुख्य गोष्ट. मराठी व्याकरणात ज्याला रीतिभूतकाळ म्हणतात, तो शाळेत आपण ‘जात असे, बसत असे’ एवढ्यावर पाठ करून सोडून देतो. आत्मकथनांच्या अभ्यासात तोच सर्वांत उपयोगी ठरतो. ‘पाटलाने एकदा बापाला मारले’ आणि ‘पाटील बापाला मारायचा’ या दोन वाक्यांत एक क्रियापद बदलले आहे आणि सगळे जग बदलले आहे. पहिल्या वाक्यात घटना आहे, दुसऱ्यात व्यवस्था. आई येसकरपाळीच्या, म्हणजे गावकीच्या चाकरीच्या पाळीपोटी मिळणाऱ्या, भाकरी मागून आणायची; शाळेत वेगळे बसावे लागायचे; पाणी वरून ओतायचे; मेलेले जनावर ओढून न्यायचे आणि त्याच्या मांसाच्या चान्या वाळत घालायच्या. यातले काहीही ‘एका दिवशी’ घडलेले नसते. संशोधकाने एखादे प्रकरण घेऊन त्यातील एकदा घडलेल्या गोष्टी सांगणारी क्रियापदे एका रंगाने आणि रोज घडणाऱ्या गोष्टी सांगणारी क्रियापदे दुसऱ्या रंगाने अधोरेखित करावीत. एका प्रकरणाला दोन-तीन तास लागतात, आणि ती पाने संपली की आघात-सिद्धांताशी घालायचा वाद आपोआप हाती येतो.

माझ्या वहीत या रंगांनी एक चित्र वारंवार दिले आहे, आणि ते मला अजूनही चकित करते. मानहानी, भूक, विटाळ हे बहुधा रीतिभूतकाळात येतात. उलट ‘एकदा’, ‘त्या दिवशी’, ‘त्या साली’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये पुष्कळदा सुटकेची असतात. शाळेत नाव घातले तो दिवस, मुंबईची गाडी पकडली तो दिवस, बाबासाहेबांची सभा, मेलेली ढोरे ओढणार नाही असा वस्तीने घेतलेला निर्णय, १४ ऑक्टोबर १९५६ चे धर्मांतर. म्हणजे पाश्चात्त्य सिद्धांतात घटना आयुष्य मोडते, तर येथे आयुष्य मोडलेलेच असते आणि घटना ते जोडायला येते. हे प्रत्येक पुस्तकाला सारखेच लागू पडेल असे नाही. लागू पडत नसेल तेथे ते का पडत नाही, हाच त्या प्रकरणाचा विषय होऊ शकतो.

क्रियापदानंतर सर्वनाम. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील फरक मराठी माणूस बोलताना कधी चुकत नाही, पण समीक्षा लिहिताना विसरतो. ‘आपण’मध्ये ऐकणारा येतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर राहतो. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आपल्या आत्मकथनाच्या शीर्षकात ‘आमुचं’ म्हटले, ‘आपलं’ म्हटले नाही. सवर्ण वाचकाला दाराबाहेर उभे करूनच हे पुस्तक उघडते, आणि त्याच वेळी वस्तीतल्या वाचकाला ते घरात घेते. इंग्रजीतील सर्वनामाला हा भेद करता येत नाही. त्यामुळे केवळ इंग्रजी अनुवादावर आधारलेल्या प्रबंधांत साक्ष कोणाला उद्देशून दिली आहे, हा कळीचा प्रश्न उपस्थितच होत नाही. पुस्तकात ‘मी’चे ‘आम्ही’ कोठे होते, ‘आम्ही’चे ‘ते’ कोठे होते, आणि ‘आपण’ हा शब्द कोणाच्या तोंडी येतो, याची नोंद वेगळ्या पानावर करावी. ‘बलुतं’मध्ये तर शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार आणि त्याला आपली हकिगत सांगणारा दगडू मारुती पवार अशी एकाच माणसाची दोन माणसे होतात. हे दुभंगलेपण आघाताचे लक्षण म्हणून नोंदवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दगडू बोलीत आणि कागदावरचा लेखक प्रमाण मराठीत का सरकतो, कोणत्या विषयावर आल्यावर सरकतो, आणि कोणाला लाज वाटते, हे वाक्यावाक्याला तपासल्याशिवाय त्या विधानाला अर्थ नाही.

जे लिहिलेले नाही ते

आघाताच्या अभ्यासात मौनाला फार महत्त्व दिले जाते, आणि कधीकधी त्याचा अतिरेक होतो. लेखकाने एखादी गोष्ट सांगितली नाही, की ती दडपलेली आहे असे गृहीत धरले जाते. पुष्कळदा कारण साधे असते: ती गोष्ट वाचकांना ठाऊकच आहे असे लेखकाला वाटते, किंवा संपादकाने पाने कमी केलेली असतात. मौनाविषयी विधान करायचे असेल, तर त्याला बाहेरचा पुरावा हवा.

असा पुरावा कसा दिसतो, याचे उत्तम उदाहरण ‘जिणं आमुचं’ हेच आहे. बेबी कांबळे फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसून लिहीत आणि लिहिलेले घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवीत. ते लेखन १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. पुस्तकात महारवाड्यातील सासुरवाशिणींचे हाल, त्यांची नाके कापली जाण्यापर्यंत गेलेली क्रूरता, हे सारे न कचरता सांगितले आहे. पण ते ‘त्या’ बायांचे आणि ‘आमचे’ म्हणून. लेखिकेचा स्वतःचा संसार पुस्तकात जवळजवळ नाही. माया पंडित यांनी केलेल्या, २००८ साली आलेल्या इंग्रजी अनुवादाच्या शेवटी लेखिकेची मुलाखत आहे, आणि नवऱ्याच्या हातची मारहाण तेथे त्यांच्या बोलण्यातून प्रथम स्पष्टपणे समोर येते. ही तीन साधने, म्हणजे मासिकातील पाठ, पुस्तक आणि मुलाखत, शेजारी ठेवून वाचली की मौनाची जागा बोटाने दाखवता येते. आता त्या मौनाचा अर्थ लावायला हरकत नाही. व्यक्तीचे दुःख समूहाच्या कथेत विरघळवण्याची ती निवड होती, की सांगण्याची सोय नव्हती म्हणून आलेली मुकी अवस्था होती? मला वाटते दोन्ही होते, आणि एकाची निवड करण्याची घाई करू नये. स्त्रियांच्या आत्मकथनांत पुढे हा तोल बदलत गेला. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईचे बांबूचे विणकाम, चळवळ आणि स्वतःचा संसार हे तिन्ही ‘मी’च्या आवाजात एकत्र विणले जातात.

आठवण चुकते तेव्हा

आत्मकथनातील सन, वय किंवा क्रम चुकलेला आढळला की नवा संशोधक दोनपैकी एक गोष्ट करतो: तळटीप देऊन चूक दुरुस्त करतो, किंवा आदरापोटी तिकडे दुर्लक्ष करतो. दोन्ही मार्ग कमी फळ देणारे आहेत. रोम येथे अमेरिकन साहित्य शिकवणाऱ्या अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी यातून तिसरा मार्ग काढला. इटलीतील तेर्नी या पोलादाच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी, नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात, पोलिसांच्या हातून मारला गेला. अनेक वर्षांनी गावकऱ्यांच्या मुलाखती घेताना पोर्तेल्ली यांना दिसले की, कित्येकांच्या आठवणीत तो १९५३ साली, कारखान्यातून मोठ्या संख्येने कामगार काढले गेले तेव्हाच्या चकमकींत मेला होता. चार वर्षांची चूक एकट्यादुकट्याची नव्हती, सगळ्या गावाची होती. नाटोचा निषेध मागे पडला होता. नोकऱ्या गेल्याची सल मात्र ताजी होती, आणि गावाने आपला हुतात्मा तिच्या शेजारी नेऊन बसवला होता. चूक कळायला पोर्तेल्ली यांना आधी खरी तारीख शोधावी लागली, हे विसरू नये. तारीख ठाऊक नसेल, तर चूक दिसतच नाही.

आपल्याकडे हीच पद्धत वापरण्यास भरपूर वाव आहे. समजा एखादी वृद्ध स्त्री सांगते की, ती आईच्या कडेवर बसून महाडला चवदार तळ्यावर गेली होती, आणि तिच्या शाळेच्या दाखल्यानुसार तिचा जन्म तेथील २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतरचा आहे. दाखल्यावरील जन्मतारखा गुरुजींनी अंदाजे घातलेल्या असत, हा पहिला तपास. ती नंतरच्या एखाद्या स्मरणदिनाच्या सभेला गेली असेल, हा दुसरा. आईने इतक्यांदा सांगितले की, ऐकलेले पाहिलेले झाले, हा तिसरा. यांपैकी काहीही खरे निघाले, तरी तिच्या वस्तीत महाडला ‘असणे’ म्हणजे काय असते, याचा तो पुरावा आहेच.

आधार कोठे शोधावेत

साहित्याच्या विद्यार्थ्याला दप्तरखान्याची भीती वाटते, ती जायला दोन फेऱ्या पुरतात. आत्मकथनांत ‘बलुते’, ‘वतन’, ‘हाडकी-हाडोळा’ (महारांची वतनी जमीन) हे शब्द येतात तेव्हा त्यांमागील कायदेशीर इतिहास पाहावा: १८७४ चा वंशपरंपरागत वतनांचा कायदा, बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यात दुरुस्तीसाठी आणलेले विधेयक, आणि कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा १९५८ चा कायदा. वतन म्हणजे एकाच वेळी हक्क आणि वेठ. त्याची ओढ आणि त्याची चीड एकाच कुटुंबात कशी नांदत असे, हे त्याशिवाय उमगत नाही. ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) आणि ‘जनता’ (१९३०) या पत्रांतील वार्तापत्रे आणि वाचकांची पत्रे त्या काळची, म्हणजे आठवणीत मुरण्याच्या आधीची साक्ष देतात. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड बहुतेक विद्यापीठांत असतात, आणि मून यांचे स्वतःचे ‘वस्ती’ (१९९५) नागपूरच्या स्मृतींसाठी त्यांच्याबरोबरच वाचावे. ब्रिटिशकालीन गॅझेटियर वापरताना ते कोणी, कोणाकडून ऐकून लिहिले, याचा विसर पडू देऊ नये. आपल्याच विषयावर आधी झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहावर मिळतात, ते पाहिल्यावर आपला विषय थोडा अरुंद करण्याची बुद्धी होते, आणि ते बरेच असते.

आवृत्त्यांबद्दल एकच सांगायचे. कोणती आवृत्ती वापरली ते सुरुवातीलाच ठरवावे आणि शक्य असेल तर पहिल्या आवृत्तीशी ती पडताळावी. शेवटी दिलेली शब्दसूची आणि नव्या प्रस्तावना या वाचक बदलत गेल्याच्या खुणा असतात.

मुलाखत घ्यायची असेल तर

मराठीत या कामाचा आदर्श १९८९ साली प्रसिद्ध झाला: ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, बोलते करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. चळवळीत वावरलेल्या आणि तरी कागदावर कोठे न आलेल्या बाया त्यातून बोलल्या. प्रश्नावली घेऊन जाण्यापूर्वी ते वाचावे.

पहिल्या भेटीत ध्वनिमुद्रण करू नये, चहा घेऊन यावे. संमतीचा कागद विद्यापीठाच्या नियमासाठी लागतो, परंतु खरी संमती म्हणजे ‘हे सांगायचे नाही’ असे म्हणण्याची मोकळीक, आणि ती कागदाने मिळत नाही. दर भेटीत नव्याने द्यावी लागते. ‘तुम्हाला तेव्हा कसे वाटले?’ हा प्रश्न शक्यतो विचारूच नये. त्याला वर्तमानपत्री उत्तर मिळते. त्याऐवजी वस्तूंविषयी विचारावे: पाणी कशातून प्यायचात, येसकराची काठी घरात कोठे टेकवलेली असायची, १९५६ नंतर देव्हाऱ्यातल्या देवांचे काय केले. शेवटच्या प्रश्नावर बोलताना लोक उठून जागा दाखवतात, आणि कोणत्या विहिरीत किंवा नदीत काय सोडले ते सांगतात. बोलणारी व्यक्ती थांबली, तर आपणही थांबावे. रडू आले तर यंत्र बंद करावे आणि ते पुन्हा सुरू करण्याचे त्यांनीच सुचवेपर्यंत वाट पाहावी. दुःखाचा तपशील जितका भीषण, तितका प्रबंध वजनदार, असा एक हिशेब नकळत डोक्यात शिरतो. त्याला जागा देऊ नये. लिप्यंतर करताना बोली जशीच्या तशी ठेवावी, ‘न’चा ‘ण’ करू नये, आणि लिहिलेले त्यांना किंवा त्यांच्या घरातील कोणाला वाचून दाखवावे. नाव छापायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे. काहींना नाव लपवायचे असते, तर काहींना ते मोठ्या अक्षरांत हवे असते, कारण त्यांच्या आजोबांचे नाव कोणी कधी लिहिलेलेच नसते.

ओळख कोणत्या नावाने

‘अस्मिता’ हा शब्द मराठीत राजकारणाने इतका वापरला आहे की, विश्लेषणासाठी ‘ओळख’ हा साधा शब्द मला अधिक सोयीचा वाटतो. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने त्या जुन्या शब्दाला दिलेला अर्थ मात्र वेगळा आणि ऐतिहासिक आहे, तो त्या संदर्भातच वापरावा. महार, अस्पृश्य, हरिजन, दलित, बौद्ध, आंबेडकरी ही नावे एकाच समूहाची असली, तरी प्रत्येकाचा काळ, बोलणारा आणि हेतू वेगळा आहे. लेखक स्वतःला काय म्हणवतो ते पाहावे आणि प्रबंधात त्याच्यासाठी तेच नाव वापरावे. बौद्ध म्हणवणाऱ्या लेखिकेला पानोपानी दलित म्हणणे ही अभ्यासाची चूक आहे. वस्तीतल्या नमस्काराचा प्रवासही नोंदवण्यासारखा आहे: ‘जोहार मायबाप’ म्हणताना पाठ वाकवावी लागे, ‘जय भीम’ ताठ उभे राहून म्हणता येते. सांस्कृतिक ओळख ही संज्ञा जेथे धूसर होते, तेथे अशी एक देहबोली तिला जमिनीवर आणते.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही पुस्तके सवयीने दलित आत्मकथनांच्या यादीत घातली जातात, पण भटक्या-विमुक्तांची स्मृती वेगळ्या रस्त्याने आलेली आहे. तेथे गावकुसाबाहेरचा ठरलेला वाडा नाही, तर ठरलेले गावच नाही. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः चोर ठरवले, त्यांच्या आठवणीत पाटलाइतकाच पोलीस असतो. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशय घेण्याची सवय कायद्याबरोबर गेली नाही. या पुस्तकांत रीतिभूतकाळ शोधताना पालांची हलवाहलव, हजेरी आणि झडती यांच्या क्रियापदांकडे पाहावे.

लिहिताना

मसुद्याचे पहिले प्रकरण शेवटी लिहावे. सुरुवात एखाद्या उताऱ्यापासून, शक्य तर एका वाक्यापासून करावी, आणि सिद्धांत तेथे बोलावावा जेथे आपले वाचन अडते. बोलीतले शब्द प्रमाण मराठीत बदलू नयेत. ‘चान्या’ला ‘वाळवलेले मांस’ असे एकदा समजावून दिले की पुढे ‘चान्या’च लिहावे. प्रबंध इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी महत्त्वाच्या उताऱ्याचा छापील अनुवाद मूळ मराठीशी ताडून पाहावा आणि क्रियापदाचा काळ किंवा ‘आम्ही’ बदललेला दिसला, तर स्वतःचा अनुवाद द्यावा व तसे का केले ते एका वाक्यात सांगावे. आपण कोठे उभे राहून वाचतो आहोत, जातीने, शिक्षणाने, गावाने, हे प्रस्तावनेत एका परिच्छेदात स्वच्छ लिहावे. कबुलीजबाबाची पाने भरू नयेत. आणि वहीतल्या दोन रंगांपैकी कोणत्याच रंगात न बसलेली जी वाक्ये उरतात, ‘तेव्हापासून आजवर’ अशा शब्दांनी सुरू होणारी, ज्यांचे क्रियापद भूतकाळातून निघून वर्तमानात येऊन थांबते, ती एका वेगळ्या पानावर उतरवून ठेवावीत. शेवटच्या प्रकरणाची सुरुवात मला तरी नेहमी त्या पानावर सापडली आहे.